कावळ्याला विचारण्याआधी : मरणाच्या भीतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी आठवड्यातले दोन दिवस अशा घरांत जातो जिथे कुणीतरी शेवटचे महिने काढत असतं. मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहितो. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून जातो. नर्स जखम धुते, डॉक्टर गोळ्या बदलतात. मी औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवतो, चहा नको म्हणतो आणि मग घेतो. खरे प्रश्न येतात ते निघताना. दाराबाहेर चपला शोधत असतो तेव्हा मागून कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "दादा, एक विचारू?" विचारणारा रुग्ण क्वचितच असतो. मुलगा असतो, सून असते, वरच्या मजल्यावरचे काका असतात, एकदा तर दूध टाकायला आलेला पोरगा होता. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतलेत. उत्तरं माझी, त्यामुळे चुकाही माझ्याच.

चांगला धडधाकट असूनही मला मरणाची भीती वाटते. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही. रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो ते या भीतीच्याच जिवावर. एरवी ती गप्प पडून असते. बरोबरीचं कुणी अचानक गेलं, किंवा आईवडील गेले, की वर येते. आईवडील असेपर्यंत रांगेत आपल्यापुढे कुणीतरी उभं असतं. ते गेले की खिडकीशी आपणच.

रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते आणि 'आपण मरणार' एवढंच डोक्यात घुमतं. तेव्हा काय करू?

उठून बसा. दिवा लावा. पाय जमिनीला टेकवा, फरशी गार लागू द्या. श्वास आत किती गेला ते मोजू नका. सोडताना मात्र सावकाश सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. भीतीचा असा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरू लागतो. हातापायांना मुंग्या येतात त्या बऱ्याचदा भराभर श्वास घेतल्यामुळे. पण छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर 'हे मनाचंच आहे' असं आपलं आपण ठरवून बसू नका. आधी दवाखाना, ईसीजी. तो नीट आला की मग मनाचं बघू.

आणि मोबाईलवर लक्षणं शोधू नका. रात्री तीन वाजता इंटरनेटवर प्रत्येक डोकेदुखी ट्यूमरच असते.

हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, झोप गेली असेल, त्यापायी कामं सुटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आणि मरणाची भीती राहो बाजूला, 'मेलेलं बरं' असंच वाटत असेल तर तो प्रश्न निराळा आहे. हे वाचन इथेच सोडा आणि आत्ता फोन करा.

ही भीती नेमकी कशाची असते?

हाच प्रश्न मी उलट विचारतो. मरणातलं तुम्हाला नक्की काय नको वाटतं? पहिलं उत्तर 'सगळंच' असं येतं. थोडं थांबलं की दुसरं येतं.

एक रिक्षावाले होते. यकृताचा कॅन्सर. रोज रात्री घाबरून उठायचे. तिसऱ्या भेटीत कळलं की रिक्षाच्या कर्जाला मेहुणा जामीन आहे, आणि आपल्यामागे वसुलीची माणसं त्याच्या दारात जातील हे त्यांना खात होतं. मी पतसंस्थेत जाऊन चौकशी केली. त्यांच्या मनात ऐंशी हजारांची धास्ती होती, बाकी निघाली एकवीस हजार. त्या रात्री ते झोपले. मरणाची भीती गेली म्हणता येणार नाही, पण तिच्यातून एकोणसाठ हजार वजा झाले.

दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक. करारी माणूस, वेदांतावर तासभर बोलू शकणारा. आत्मा अमर आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. भीती होती ती एका दुपारची, जेव्हा उठवणार नाही आणि सुनेला आपल्याला आंघोळ घालावी लागेल. हे सांगायला त्यांना दोन महिने लागले. सांगितल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कोपरगावहून येऊन राहिला आणि प्रश्न चार दिवसांत मिटला.

आमच्या हिशेबाच्या वहीत 'किरकोळ' नावाचं एक खातं असतं. कुठे टाकायचं ते कळत नाही असं सगळं तिकडे जातं आणि वर्षअखेरीला तेच फुगलेलं दिसतं. 'मरणाची भीती' हे तसंच खातं आहे. उघडून बसलं की एकेक नोंद आपापल्या जागी जाते. दुखेल ही एक, दुसऱ्यावर ओझं होऊ ही एक, पोरांचं काय ही एक, अमक्याशी बोलायचं राहिलं ही एक. त्यातल्या बऱ्याच नोंदींवर करता येण्यासारखं काही ना काही असतं. शेवटी मात्र एक रक्कम उरते जिचं व्हाउचरच सापडत नाही. आपण नसू आणि तरी सकाळ होईल, दूधवाला येईल, ही ती रक्कम. ती मला अजून कुणाच्याच वहीतून काढता आलेली नाही. पण मूळ आकड्यापेक्षा ती पुष्कळ लहान असते.

इच्छा राहिली की पिंडाला कावळा शिवत नाही म्हणतात. खरं का?

कावळ्याचं मला माहीत नाही. माणसांचं सांगतो.

माझे वडील अतिदक्षता विभागात सहा दिवस होते. तोंडात नळी, त्यामुळे बोलणं बंद. आम्ही तिघं भावंडं पाळीपाळीने काचेबाहेर उभे राहायचो. दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा काही येईना. भिंतीवर बसून मान वाकडी करून बघायचा, खाली मात्र उतरायचा नाही. मग सुरू झालं. काका म्हणाले, "धाकटीचं शिक्षण पुरं करतील रे पोरं." कावळा ढिम्म. मी म्हटलं, आईला अंतर देणार नाही. भाऊ म्हणाला, गावच्या जमिनीवरून भांडणार नाही. आत्या रडत रडत आणखी काय काय कबूल करत होती. ऊन चढलं, पुढची मंडळी खोळंबली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला.

पंधरा दिवसांनी आईने त्यांचे कपडे द्यायला काढले. निळ्या चौकड्याच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी निघाली. ट्रान्झिस्टर दुरुस्ती, आगाऊ पन्नास, बाकी ऐंशी. ते आजारी पडायच्या आदल्या आठवड्यातली तारीख. हा रेडिओ रोज सकाळी त्यांच्या उशाशी वाजायचा. तो घरात नाही हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. जमीन, शिक्षण, संसार, सगळ्याची हमी आम्ही कावळ्याला दिली होती. रेडिओ कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

कावळा त्यासाठीच अडून बसला होता असं मी म्हणत नाही. त्या घाटावर रोज इतके पिंड असतात की त्याचं पोट भरलं असणार. पण 'तुमचं काय राहिलंय?' हा प्रश्न आपण माणसाला जिवंतपणी एकदाही विचारत नाही आणि मेल्यावर मात्र पक्ष्याला हात जोडून विचारतो, हे मला त्या चिठ्ठीने दाखवलं. शुश्रूषेच्या कामाला मी त्यानंतर लागलो. आता मी विचारतो. उत्तरं फार मोठी निघत नाहीत. बहिणीशी सात वर्षांचा अबोला आहे. एकदा गच्चीत नेऊन बसवा. कुत्र्याला कोण बघणार? एकीला शाळेतल्या बाईंना भेटायचं होतं आणि त्या बाई दोन गल्ल्या सोडूनच राहत होत्या.

स्वतःलाही विचारून बघा, आजार नसताना. आज संध्याकाळी पिंड मांडला तर तुमचा कावळा कशासाठी अडेल? जगण्याची गोडी कशात आहे हे शोधायला लोक शिबिरांना जातात. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर ते पाच मिनिटांत देतं, आणि बहुतेकदा ते करायला सुट्टीसुद्धा काढावी लागत नाही.

मरताना फार दुखतं का?

सगळ्यांना नाही, आणि ज्यांना दुखतं त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं आटोक्यात आणता येतं. हे ठामपणे सांगतो, कारण इथे भीतीपेक्षा अज्ञान जास्त त्रास देतं.

असाध्य आजारातल्या वेदनेकडे नीट बघायला जगाला शिकवलं ते प्रामुख्याने इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी त्या परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, घरच्यांची, पैशाची आणि श्रद्धेचीही असते, आणि यातलं एक धरून बाकीचं सोडलं तर रुग्ण कण्हतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाल्यांचं कर्ज आठवा. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे त्यांची शाखा गोव्यात लोटलीलाही झाली. पुण्यात वारज्याला सिप्ला संस्थेचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) केंद्र १९९७ पासून आहे.

'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं' हे मी प्रत्येक तिसऱ्या घरात ऐकतो. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध आहे. जाणकार डॉक्टरने वेदनेच्या मापात दिलं तर त्याने माणूस लवकर मरत नाही आणि सहसा व्यसनीही होत नाही. ते मिळवायला पूर्वी परवान्यांचं जंजाळ होतं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते बरंच सुटलं.

शेवटच्या दिवसांबद्दल दोन गोष्टी घरच्यांना आधी सांगून ठेवाव्या लागतात. भूक जाते. अन्न सोडल्यामुळे माणूस मरत नसतो, मरणाच्या वाटेवर असल्यामुळे शरीर अन्न सोडतं. अशा वेळी चमच्याने पेज कोंबू नका, ठसका लागतो. ओठ ओले करा. दुसरं, घशात घरघर होते. ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, पण त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीच्या पलीकडे असतो आणि त्याला तो त्रास जाणवत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. हे माहीत नसलं की घरचे मध्यरात्री अॅम्ब्युलन्स बोलावतात, आणि ज्याला घरी मरायचं होतं तो जिन्यात मरतो.

शेवटी सगळं संपणारच, तर कशासाठी काय करायचं?

पेणला जा. तिथे घरोघरी वर्षभर गणपती घडतात. कारागीर डोळ्यांच्या आखणीला श्वास रोखून बसतो. ती मूर्ती विसर्जनासाठीच आहे हे त्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, आणि आपल्यातल्या पुष्कळ घरांत तर ती दीड दिवसच राहणार असते. म्हणून दीड दिवसाच्या गणपतीचे मोदक कुणी अळणी करत नाही. उलट वेळ थोडा म्हणून आरतीला अख्खी चाळ येते.

'कशासाठी' हा प्रश्न रिकाम्या दुपारी पडतो. हात कामात असले की पडत नाही. याला मी पळवाट म्हणत नाही. अर्थ आधी सापडतो आणि मग माणूस कामाला लागतो, असं घडताना मी तरी पाहिलेलं नाही. नेहमी उलटंच होतं.

संतांना मरणाची भीती नव्हती. आपल्याला तसं का जमत नाही?

आपलं मरण डोळ्यांनी पाहिलं आणि तो अनुपम्य सोहळा झाला, असं तुकोबा म्हणतात. ही ओळ आपण श्रद्धांजलीच्या फलकांवर इतकी वापरली की ती म्हणणारा माणूस मागे राहिला. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मोठा मुलगा गेला. मरण त्यांनी आधी तसं पाहिलं होतं. सोहळ्यापर्यंतची वाट त्या घरातून गेली आहे.

आणि ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तो प्रसंग नामदेवांच्या अभंगांत वाचा. तिथे ब्रह्मज्ञान्यांची पंगत बसलेली आहे आणि सगळे धाय मोकलून रडताहेत. निवृत्तीनाथ, जे गुरू, ज्यांनी ज्ञान दिलं, त्यांचाही धीर सुटतो. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटून गवत रानभर पांगावं तसं झालं, असं वर्णन आहे. 'रडू नका, आत्मा अमर आहे' म्हणून तिथलं रडणं थांबत नाही. वारकऱ्यांची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावाकडे म्हातारा वारकरी गेला की टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात, आणि त्याच गजरात त्याची लेक हंबरडा फोडत असते. दोन्ही आवाज एकाच वाटेने जातात.

मी देवबिव मानत नाही, पुनर्जन्मही नाही. मग आधार कशाचा?

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने मरणाच्या भीतीवर विचार केला होता, तेवीसशे वर्षांपूर्वी. त्याचं म्हणणं असं : आपण आहोत तोवर मरण नाही, आणि मरण आलं की आपण नाही, मग भेट होतेच कुठे? युक्तिवाद चोख आहे. रात्री तीनला मात्र मला तो कधी उपयोगी पडलेला नाही.

त्याच्याबद्दलची दुसरी गोष्ट मला जास्त पटते. लघवीच्या विकाराने तो मरणपंथाला लागला, कळा असह्य होत्या. त्या अवस्थेत त्याने मित्राला पत्र लिहिलं की दुखणं पराकोटीचं आहे, पण आपल्या जुन्या गप्पा आठवून त्या आनंदात मी ते तोलून धरलंय. आणि एका मित्राच्या मुलांची काळजी घ्यायला सांगितलं. म्हणजे शेवटच्या दिवशी त्यालासुद्धा युक्तिवाद पुरला नाही. गप्पा पुरल्या.

माझे नास्तिक रुग्ण आस्तिकांपेक्षा जास्त घाबरलेले असतात असं मला दिसलेलं नाही. एकटे पडलेले मात्र दोन्हीकडचे सारखेच घाबरतात.

नवरा जाऊन आठ महिने झाले. परवा टीव्हीवर काहीतरी बघून मोठ्याने हसले आणि मग दिवसभर अपराधी वाटलं. असं का?

ताई, हसलात ते बरं झालं. दुःखात हसू येणं म्हणजे विसरणं नव्हे. ते लाटेसारखं येतं, मध्ये मोकळी वाळू दिसते, पुन्हा लाट येते.

अपराधीपणाचं निम्मं कारण तुमच्या मनात नाही, बाहेर आहे. बाईचा नवरा गेला की तिचा आनंदही सरणावर ठेवायचा, अशी आपली रीत होती आणि पुष्कळ ठिकाणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने एका रात्रीत मनं बदलत नाहीत, हे मान्य. पण तुमचं हसू ज्या कायद्याने गुन्हा ठरतं तो कायदा माणसांनी केलेला आहे आणि माणसंच तो रद्द करताहेत, एवढं तरी त्यातून कळतं.

इतक्या आजारी माणसाला कसला आलाय आनंद?

मूळचे हर्णैचे एक आजोबा होते. तोंडाचा कॅन्सर, नाकातून नळी, पातळ सगळं त्या नळीतून. बोलणं बंद, पाटीवर लिहायचे. आजींनी घरात फोडणी देणंच सोडलं होतं. त्यांच्यासमोर कसं खायचं, म्हणून शेजारी जाऊन दोन घास जेवायच्या. एका सकाळी आम्ही असताना त्यांनी पाटी पुढे केली. 'सुके बोंबील भाज.'

आजींना वाटलं, डोकं फिरलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'वास.' मग गॅसवर जाळी ठेवून दोन बोंबील भाजले. घरभर, जिनाभर वास सुटला. समोरच्या बिऱ्हाडाने दार लावून घेतलं. आजोबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्यांनी पाटी मागितली, लिहिलं आणि बायकोकडे वळवली. 'करपवलेस.'

आजी इतक्या हसल्या की ओटा धरून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या घरात जेवायला लागल्या, त्यांच्याच समोर बसून. आजोबा आणखी पाच आठवडे होते.

नातवंडं विचारतात, आजी कुठे गेली? काय सांगावं?

मेली, असं सांगा. शब्द कानाला टोचतो, पण तो खरा आहे. 'झोपली' म्हणू नका, नाहीतर पोर रात्री झोपायला घाबरतं. 'देवाघरी गेली' असं घरात म्हणत असाल तर म्हणा, पण सोबत हेही सांगा की तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही, भूक लागत नाही आणि ती परत येणार नाही. लहान पोरांना 'परत येणार नाही' हे एकदा सांगून कळत नाही. ती दहादा विचारतात, दहादा तेच सांगायचं. एका चार वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, "आजीच्या चपला तर इथेच आहेत, मग ती अनवाणी गेली का?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या आईने सांगितलं, "आता तिला चालायचं नाही ना, म्हणून." पोरीला पटलं. मलाही.

मी परदेशात आहे. रात्री फोन वाजला की आईबाबांचंच काहीतरी झालं असं वाटून हातपाय गळतात.

न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंत आपल्या पोरांचा हा सामायिक आजार आहे, आणि त्यावर 'काळजी करू नका' हे औषध नाही. जे ठरवता येतं ते ठरवून टाका : अचानक निर्णय घ्यायचा तर इथे कोण घेणार, कागद कुठल्या कपाटात आहेत, तुम्ही पोचेपर्यंत थांबायचं की नाही. हा शेवटचा प्रश्न आईबाबांनाच विचारा. बहुतेक आईबाप 'आमच्यासाठी ताटकळू नका' म्हणतात, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं असलं की नंतर आयुष्यभर बोच राहत नाही.

आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर 'जेवलात का, औषध घेतलंत का' एवढंच बोलू नका. आईला पुरणाला डाळ किती शिजवायची ते विचारा आणि रेकॉर्ड करा. ती 'अंदाजाने' म्हणेल. तेच तर रेकॉर्ड करायचं.

मृत्युपत्र केलं की मरण ओढवतं, असं घरचे म्हणतात.

इन्शुरन्स काढला म्हणून कुणाची गाडी ठोकली गेलेली मी पाहिली नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही (तरी केलेली बरी). साक्षीदार वाटेकरी नसावेत.

दुसरा कागद लोकांना कमी माहीत असतो. बरं होण्याची आशा नसताना आणि आपल्याला बोलता येत नसताना व्हेंटिलेटरसारख्या यंत्रांवर ठेवावं की नाही, हे आधीच लिहून ठेवता येतं. याला लिव्हिंग विल म्हणतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. सुरुवातीला मॅजिस्ट्रेटसमोर सही लागायची, म्हणून कुणी त्या वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. हे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे. नको असलेली यंत्रं लावू नका, एवढंच ते सांगतं. माझ्या वडिलांच्या वेळी ही सोय असती आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं असतं, तर ते सहा दिवस कसे गेले असते, याचा विचार मी अधूनमधून करतो.

मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी करावी का?

करा, हौस असेल तर. माझ्या अनुभवात काश्मीर आणि विमान त्या यादीत असतं आणि शेवटच्या महिन्यात त्यातलं एकही नाव निघत नाही.

तुम्हाला आता भीती वाटत नसेल ना?

वाटते. गेल्या वर्षी पोटात गाठ लागली म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा इतक्या वर्षांचा अनुभव रिसेप्शनच्या खुर्चीवर ठेवून मी आत गेलो होतो. गाठ चरबीची निघाली. बाहेर येऊन वडापाव खाल्ला, दोन खाल्ले.

घरात हा विषय काढायचा कसा? कुणी बोलूच देत नाही.

'बसा, मला महत्त्वाचं बोलायचंय' असं म्हणून काढू नका, सगळे उठून जातील. हातात काम असताना काढा. भाजी निवडताना, गाडीत शेजारी बसलेले असताना, कुणाच्या तरी दहाव्याहून परत येताना. एकमेकांकडे बघावं लागत नाही अशी जागा बरी. आणि आधी स्वतःचं सांगा, मग समोरच्याला विचारा.

आईला विचारायला मला वडील गेल्यावरही चार वर्षं लागली. डिसेंबर होता, ती खाली बसून मटार सोलत होती. मी म्हटलं, आई, माझं झालं तर मला विद्युतदाहिनीत न्या, लाकडं नकोत. तुझं काय? ती गप्प राहिली, तीन-चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मला ती नऊवारी नेसवू नका. गुदमरायला होतं. सुती पातळ नेसवा, फिकट रंगाचं. आणि तुझ्या मावशीला आधी कळवा, नाहीतर ती तेरा दिवस रुसून बसेल."

मी म्हटलं, बरं. आणखी काही?

"रेडिओ तुझ्याकडे ने. सेल काढून ठेव, नाहीतर गळतात." मग परातीकडे बघून म्हणाली, "आणि नुसता बसलायस काय, सोल की."